भावनिक-मानसिक अडचणी असलेल्या मुलांच्या शाळेत नवीन लागलाय? पहिला महिना असा काढा

आमच्या शाळेत नवीन कोणी लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हळूच विचारतं, मुलं मारतात का हो? तर हो, मारतात कधीकधी. थुंकतात, वर्गातून पळतात, टेबलाखाली जाऊन बसतात, तुमच्या पोटावरून नाहीतर दातांवरून असं काहीतरी बोलतात की रात्री झोपताना आठवतं. आणि काही जण यातलं काहीच करत नाहीत, दिवसभर तोंडातून शब्द काढत नाहीत, नवीन माणसाला वाटतं चला हा तरी बरा आहे. त्याच्याबद्दल पुढे बोलूच.

शाळा म्हणजे नक्की काय ते थोडक्यात. साध्या शाळेत ज्यांना टिकता आलं नाही ती मुलं इथे येतात, कोणाला तीव्र चिंता, कोणाला नैराश्य, कोणाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही), कोणाचा लहानपणी छळ झालेला, कोणाला शाळेचं नाव काढलं की उलटी होते इतकी भीती. वर्ग छोटा, वर्गात बहुतेक वेळा दोन मोठी माणसं, आणि समुपदेशक हाकेच्या अंतरावर. ही कल्पना आजकालची नाही, लंडनमध्ये मार्जोरी बॉक्सॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ च्या सुमारास 'नर्चर ग्रुप' सुरू केले होते, साध्याच शाळेत एक छोटा वर्ग, दोन मोठी माणसं, रोजचा क्रम तोच. त्यानंतर थेरपीची नावं कितीतरी बदलली पण हा सांगाडा काही बदलला नाही, कारण तो चालतो.

का चालतो ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. पहिल्या महिन्यात मुलं तुमच्याकडून गणित शिकत नसतात, ती बघत असतात की हा माणूस उद्या पण असाच असेल का. यातल्या बऱ्याच जणांच्या आयुष्यात मोठी माणसं सकाळी एक आणि रात्री एक अशी वागलेली आहेत, काही तर निघूनच गेलीत. त्यामुळे तुम्ही कितीही गोड हसलात तरी त्यांना ते खरं वाटायचं काही कारण नाही.

पायरी १. फाइल वाचा, पण उलटीकडून

सगळे निदानाचं पान आधी उघडतात. मी म्हणते ते शेवटी वाचा. आधी तीन गोष्टी शोधून एका चिठ्ठीवर लिहून घ्या: हे मूल कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, आणि सुरक्षेचं काय आहे, म्हणजे स्वतःला इजा करतं का, पळून जातं का, फिट येते का, शाळा सुटल्यावर त्याला न्यायला कोणाला परवानगी आहे आणि कोणाला अजिबात नाही. हा शेवटचा मुद्दा लोक वाचतच नाहीत आणि तोच सगळ्यात महागात पडतो.

फाइलमध्ये एसडीक्यू नावाचा कागद दिसेल. रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये आणलेली ही मुलाच्या वागण्याबद्दल आणि भावनांबद्दल २५ प्रश्नांची यादी आहे, घरच्यांसाठी वेगळी, शिक्षकांसाठी वेगळी. कामाची आहे, पण त्यातून निदान होत नाही, फक्त कुठे बघायचं ते कळतं. आणि कोणी तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ती भरायला सांगितली तर स्पष्ट सांगा की अजून मुलाची ओळखच नाही, त्या फॉर्मवर गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारलेलं असतं, आणि तुम्ही त्याला आठ दिवस बघितलंय.

दोन आठवड्यांनी फाइल परत वाचा. पहिल्यांदा नुसते शब्द होते, आता प्रत्येक ओळीला चेहरा आलेला असतो, आणि काही ओळी चुकीच्याही वाटायला लागतात, तसं वाटलं तर बोला.

औषधांबद्दल एक. एडीएचडीची काही औषधं भूक मारतात, झोपेवर पण परिणाम होतो, म्हणजे दुपारी चिडलेलं पोरगं नुसतं उपाशी असू शकतं. आणि वर्गात सगळ्यांसमोर "गोळी घेतली नाहीस का आज?" हे कधीच विचारायचं नाही. कधीच म्हणजे कधीच. मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की चांगला वागतो तो मी नाही, ती गोळी.

पायरी २. खोली बघून घ्या

रिकाम्या वर्गात जाऊन मुलाच्या खुर्चीवर बसा. दार दिसतंय का? पाठीमागून कोणी येऊ शकतं का? सतत धोक्याच्या सावटात वाढलेल्या मुलाला पाठ उघडी टाकून बसवलं तर त्याचं अर्धं डोकं मागे काय चाललंय यातच जातं. अशाला भिंतीला पाठ लावून बसवा. गुणगुणणारी ट्यूबलाइट बदलून घ्या. भिंतींवर तक्ते कमी ठेवा, हे मला दर वर्षी सांगावं लागतं, नवीन माणूस उत्साहाने रंगीबेरंगी चार्ट लावतो आणि मग म्हणतो मुलांचं लक्ष लागत नाही.

एक शांत कोपरा हवा. पण तो शिक्षेचा नाही. "जा, त्या कोपऱ्यात जाऊन बस" असं एकदा रागाने म्हणालात की तो कोपरा कायमचा गेला, पुन्हा कोणी तिथे आपणहून जाणार नाही.

पायरी ३. दिवस ठरलेला ठेवा

दिवसाचा क्रम फळ्यावर, वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांत. संपलेली गोष्ट खोडायची. बदल असेल तर सकाळीच सांगायचा, ऐनवेळी नाही. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना पाच मिनिटं आधी एक सूचना, दोन मिनिटं आधी दुसरी. इतकं कंटाळवाणं वाटतं ना, पण आमचे निम्मे गोंधळ विषयात होत नाहीत, एक तास संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या त्या चार मिनिटांत होतात. सोमवारी आणि मोठ्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात अपेक्षा जरा खाली आणा, सगळ्यांना सुट्टी म्हणजे मजा वाटतेच असं नाही, काहींना घरी राहायचीच भीती असते.

पायरी ४. कमी बोला

सूचना छोटी. काय करायचं ते सांगा, काय नाही ते नको, "पळू नको" पेक्षा "चालत ये". एका वेळी एकच. आणि सांगितल्यावर मनात दहापर्यंत मोजा, गप्प राहून. ताणात असलेल्या मुलाला ऐकलेलं समजायला वेळ लागतो, आपण तीन सेकंदांत तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत परत बोलतो आणि त्याला आता दोन वाक्यं समजून घ्यायची असतात. निवड देता आली तर द्या, "इथे लिहितोस की खिडकीपाशी?" लिहायचंच आहे हे ठरलेलं, कुठे ते त्याने ठरवायचं.

कौतुक करताना "गुड, शाब्बास" फुकट जातं. "वही फाडावीशी वाटली पण बाजूला ठेवलीस, मी बघितलं" हे त्याच्या लक्षात राहतं. काही मुलांना सगळ्यांसमोर कौतुक सहनच होत नाही, लगेच काहीतरी तोडतील, त्यांना जाता जाता हळू आवाजात सांगा नाहीतर चिठ्ठी ठेवा. आणि गुण, टोकन, स्टिकर काय जे असेल ते, एकदा कमावलेलं परत काढून घ्यायचं नाही. मला हा प्रकार फारसा आवडत नाही पण शाळेत असेल तर निदान एवढं पाळा.

पायरी ५. वागणं वाचायला शिका

एक वही करा, तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. बस. "आगाऊपणा केला", "मुद्दाम केलं" असं लिहायचं नाही, ते तुमचं मत झालं, "पेन्सिल भिंतीवर फेकली" असं लिहा. दोन आठवड्यांत ठरावीक साचा दिसायला लागतो. साधारण चारच कारणं सापडतात: काहीतरी टाळायचंय, कोणाचं तरी लक्ष हवंय, एखादी वस्तू किंवा काम हवंय, किंवा नुसतं शरीराला बरं वाटतंय (डुलणं, चावणं वगैरे).

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय. दहा वर्षांचा मुलगा, भाषेच्या तासाला रोज शिव्या देणार आणि बाहेर काढला जाणार. आम्ही सगळे समजत होतो की त्याला लक्ष वेधून घ्यायचंय. वही भरल्यावर दिसलं की शिव्या नेहमी मोठ्याने वाचायची पाळी त्याच्यापाशी यायच्या दोन मुलं आधी सुरू होतात. त्याला वाचता येत नव्हतं, आणि आम्ही त्याला बाहेर काढून रोज त्याची सुटका करत होतो, म्हणजे शिव्या दिल्या की काम होतं हे आम्हीच शिकवलं! वाचनाची पाळी बंद केली, वेगळं बसून वाचन सुरू केलं, शिव्या पूर्ण गेल्या नाहीत पण त्या तासाच्या गेल्या.

लक्ष हवं असलेल्या वागण्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलंत तर आधी माहीत असू द्या की ते वागणं कमी व्हायच्या आधी वाढतं. जे दार रोज उघडायचं ते आज उघडत नाही म्हटल्यावर आपण पण आणखी जोरात ढकलतोच की. नवीन माणूस नेमका तिथेच सोडून देतो, आणि मुलाला कळतं की जोर वाढवला की झालं. शेवटपर्यंत नेता येणार नसेल तर सुरूच करू नका. आणि कोणाला इजा होत असेल तिथे दुर्लक्ष हा पर्यायच नाही.

पायरी ६. भडका उडतो तेव्हा

हा भाग नीट वाचा. कॅप्लान आणि व्हीलर यांनी १९८३ मध्ये भडक्याचे पाच टप्पे मांडले होते आणि आजही बहुतेक ट्रेनिंगमध्ये तोच आलेख काढतात: ठिणगी, चढ, शिखर, उतार, आणि नंतरची मरगळ. आपलं काम प्रत्येक टप्प्याला वेगळं असतं, आणि चुका बहुतेक वेळा अशा होतात की आपण एका टप्प्याचं काम दुसऱ्या टप्प्यात करतो.

ठिणगीच्या वेळी अजून बोलता येतं. प्रत्येक मुलाची खूण वेगळी, कोणाचा पाय हलायला लागतो, कोणाचे कान लाल होतात, एक मुलगी माझ्याकडे होती ती भडकायच्या आधी फार गोड बोलायला लागायची. या वेळी काम बदला, बाहेर एक चक्कर मारून आणा, काहीतरी घेऊन ऑफिसात पाठवा.

चढ सुरू झाला की शब्द कमी, आवाज खाली. समोर छाती काढून उभं राहू नका, जरा तिरके उभे राहा, दोन हात लांब, हात दिसतील असे. दार अडवू नका, तुम्ही दार अडवलंत की त्याच्याकडे एकच रस्ता उरतो आणि तो तुमच्यातून जातो. बाकीच्या मुलांना दुसऱ्या शिक्षकाने बाहेर न्यायचं, भडकलेल्या मुलाला हलवण्यापेक्षा शांत मुलांना हलवणं कितीतरी सोपं.

शिखरावर समजावणं बंद. पूर्ण बंद. त्या वेळी मेंदूचा पुढचा, विचार करणारा, परिणाम तोलणारा भाग मागे पडलेला असतो आणि शरीर लढायच्या, पळायच्या किंवा गोठायच्या तयारीत असतं, हा पुढचा भाग तर माणसाचा पंचविशीपर्यंत पिकत असतो म्हणे, दहा वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा करणार. फक्त सुरक्षितता बघा. "मी इथेच आहे" एवढं बोललात तरी पुष्कळ.

उतार फसवा असतो. मी पहिल्या वर्षी इथेच तोंडावर आपटले. मुलगा शांत झाला, श्वास नेहमीसारखा झाला, मला वाटलं संपलं, मी लगेच शेजारी बसून विचारलं "का केलंस असं?" आणि दुसरा भडका पहिल्यापेक्षा मोठा. शरीर पूर्ण खाली यायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, कधी दीड तास, आणि तोवर जराशा धक्क्याने परत वर जातं. तोवर पाणी, शांतता, हाताला काहीतरी सोपं काम. प्रश्न नाहीत. माफी मागायला लावणं तर अजिबात नाही.

मरगळीच्या वेळी मुलाला लाज वाटत असते, काही रडतात, काही झोपून जातात. तेव्हा जवळ कोणीतरी असू द्या.

पायरी ७. धरून ठेवण्याबद्दल

मुलाला सुरक्षितपणे धरायचं ट्रेनिंग झालं नसेल तर हात लावू नका, धडा संपला. झालं असेल तरी तो शेवटचा उपाय, कोणाला खरंच इजा होणार असेल तेव्हाच, कमीत कमी वेळ. पालथं दाबून धरल्याने श्वास कोंडून मुलांचे जीव गेलेत. प्रत्येक वेळी त्याच दिवशी नोंद करायची, घरी कळवायचं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या २८ व्या कलमात शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी असं लिहिलेलं आहे, ते या मुलांनाही तेवढंच लागू आहे.

पायरी ८. परत जुळवणं

दुसऱ्या दिवशी, किंवा त्याच दिवशी उशिरा, शांतपणे बसा. काय झालं, तुला तेव्हा काय वाटत होतं, कोणाला लागलं, आता काय करायचं. "का" टाळा, मुलांना खरंच माहीत नसतं. तोडलेली खुर्ची बरोबर बसून दुरुस्त करणं हे दहा वेळा सॉरी म्हणायला लावण्यापेक्षा बरं. तुमचं काही चुकलं असेल, आवाज चढला असेल, तर तुम्ही सॉरी म्हणा. आणि मग विषय संपला, आठवडाभर टोमणे नाहीत. सकाळी त्याला नेहमीसारखं नावाने हाक मारून आत घ्यायचं, ज्याला आपण काल चावलो तो माणूस आज दारात आपलं नाव घेतो ही गोष्ट काही मुलांनी पहिल्यांदाच बघितलेली असते.

पायरी ९. गप्प मुलं

जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयातल्या साधारण सातपैकी एकाला काही ना काही मानसिक आजार असतो, आणि त्यातले सगळे काही खुर्च्या फेकत नाहीत. खुर्ची फेकणाऱ्यासाठी चार माणसं धावतात. गप्प बसणारी मुलगी मात्र वही पूर्ण करते आणि बाहीखाली हात लपवून घरी जाते. म्हणून रोज शाळा सुटताना मनात यादी करा, आज मी कोणाशी एकदाही बोलले नाही? तेच नाव सलग तीन दिवस आलं तर उद्या सकाळी पहिलं तिच्याकडे जायचं.

काही मुलं घरी धो धो बोलतात आणि शाळेत मात्र एक शब्द नाही, याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, तो हट्ट नाही, ती चिंता आहे. "बोललास तर देईन" असं आमिष दाखवू नका. शेजारी बसून काहीतरी करत तुम्हीच बोला, उत्तराची वाट न बघता. मान हलवली, बोट दाखवलं, लिहून दिलं, सगळं चालतं.

पायरी १०. मूल काही सांगतं तेव्हा

कधीतरी एखादं मूल, बहुतेक वेळा तुम्ही घाईत असताना, म्हणेल "कोणाला सांगणार नाही ना?" इथे हो म्हणायचं नाही. म्हणायचं, "तुला धोका असेल तर मला एका माणसाला सांगावं लागेल, तो कोण ते मी तुला आधी सांगेन." मग ऐका. मध्ये तोंड घालू नका, "त्याने मारलं का?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका, चेहरा सरळ ठेवा. त्यानंतर लगेच त्याच्याच शब्दांत लिहा, वेळ-तारीख घालून, आणि शाळेत बालसंरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे त्याच दिवशी. उद्या नाही. आणि ज्याच्याबद्दल मूल बोललं त्या माणसाला स्वतः फोन करून शहानिशा करायला जाऊ नका, तुमच्या त्या फोनने मूल जास्त धोक्यात येतं.

मरण्याबद्दल बोललं तर घाबरून विषय बदलू नका. विचारल्याने मुलाच्या डोक्यात ती कल्पना शिरते हा गैरसमज आहे, अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का, काही ठरवलंय का. आणि उत्तर हो असेल तर त्या क्षणापासून मुलाला एकटं सोडायचं नाही, तुम्ही थांबा आणि दुसऱ्या कोणाला तरी समुपदेशकाला बोलवायला पाठवा.

पायरी ११. घरच्यांशी

या आई-वडिलांना शाळेचा नंबर दिसला की पोटात गोळा येतो, वर्षानुवर्षं फक्त तक्रारीच ऐकल्यात. म्हणून पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी करा, पहिल्याच आठवड्यात, कितीही छोटी असू दे. पुढे वाईट सांगायची वेळ येईलच, तेव्हा ते निदान फोन उचलतील. सल्ले कमी द्या, विचारा जास्त, घरी हा बिथरला की तुम्ही काय करता? तीन वर्षांत आम्हाला न सापडलेली युक्ती एका आजीने दोन मिनिटांत सांगितली होती, ती म्हणे त्याच्याशी बोलूच नका, त्याच्या शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घाला.

पायरी १२. तुमचं स्वतःचं

इन्सिडेंट फॉर्म (काय घडलं त्याची नोंद) भरल्याशिवाय आणि कोणाशी तरी दहा मिनिटं बोलल्याशिवाय घरी जाऊ नका. मार लागला असेल तर "चालतं हो" म्हणून हसण्यावारी नेऊ नका, जुनी मंडळी तसं करतात आणि नव्यांना वाटतं हेच धाडस. मदतीला दुसरा आला आणि म्हणाला "मी बघतो, तू जा" तर जायचं, त्यात हार नाही, कधीकधी फक्त चेहरा बदलला की मूल खाली येतं.

आणि तिसऱ्या आठवड्याची तयारी ठेवा. पहिले पंधरा दिवस बऱ्याचदा मस्त जातात, तुम्हाला वाटतं अरे मला जमतंय, आणि मग जे मूल सगळ्यात जवळ आलेलं तेच एक दिवस तुमच्या तोंडावर दार आपटतं. काही बिघडलेलं नसतं. आता गमावण्यासारखं काहीतरी त्याच्याकडे आलंय, म्हणून तो आधीच तपासून घेतोय. वेळापत्रक तेच, आवाज तोच, सकाळी दारात हाक तीच ठेवा.

रजा घ्यायची असेल तर मुलांना आधी सांगा, कॅलेंडरवर दाखवा, तुमच्या जागी कोण येणार त्याचं नाव सांगा आणि परत यायचा दिवस सांगितलात त्याच दिवशी या. मी एकदा चार दिवस आजारी होते, कोणालाच न सांगता, कारण ताप सांगून येत नाही. परत आले तर तो शिव्यांवाला मुलगा दोन दिवस माझ्याकडे बघेना, नाव घेतलं की कानावर हात. तिसऱ्या दिवशी वर्गात गेले तर माझी खुर्ची जागेवर नव्हती, त्याने ती ओढत नेऊन आपल्या टेबलाला चिकटवून ठेवली होती आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसला होता. मी काही बोलले नाही, जाऊन बसले आणि वाचनाचं पुस्तक उघडलं.